ऑपरेशनला हो म्हणायचं कुणी?

सध्या माझे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहेत. आमचं घर पेणजवळ हमरापूरला, आणि घराला लागूनच आमचा गणपतीचा कारखाना. त्यामुळे प्लास्टर दिसलं की आमच्याकडे कुणी हळहळत नाही, आधी तपासतात. हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी आजोबांनी माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यावर बोटाने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "माल चांगला हाय. पण फिनिशिंग नाय." बाबा तर पॉलिश पेपर घेऊन डाव्या पायाची कड घासायला बसणार होते. मी ओरडले म्हणून थांबले.

माझं नाव हर्षदा. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हे सगळं मी मोबाइलवर उजव्या अंगठ्याने टाइप करते आहे. डावा अंगठा मदतीला येतो, पण त्याला बोलावलं नसताना येतो आणि तीन ओळी पुसून जातो. लिहायला सांगितलं आमच्या नीताताईंनी. त्या रोह्याला फिजिओथेरपी देतात, मला अडीच वर्षांची असल्यापासून ओळखतात. म्हणाल्या, "पडूनच आहेस तर लिही. नवीन मुलांच्या आया माझ्याकडे रडत येतात, त्यांना वाचायला देईन." तेव्हा आयांनो, आधी डोळे पुसा, कारण मी काही रडायला लावणार नाही.

मी सांगणार आहे ते असं. माझ्या गुडघ्यांमागचे स्नायू आखडलेले होते. ते ऑपरेशन करून सैल केले तर मी आधार धरून उभी राहू शकेन, असं डॉक्टर म्हणाले. मला ऑपरेशन हवं होतं, आईला नको होतं. आणि मला अठरा पूर्ण झाली तेव्हा घरच्यांनी चांगल्या मनाने असा एक अर्ज केला, की तो मंजूर झाला असता तर माझ्या वतीने हो किंवा नाही म्हणायचा हक्क आईच्या हातात गेला असता. आईने नाहीच म्हटलं असतं, आणि मी जन्मभर कुणीतरी उचलण्याची वाट बघत बसले असते.

गडबचा वडापाव

मी सातव्या महिन्यातच बाहेर आले. पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत काढले. चौदा महिन्यांची झाले तरी मान धरत नव्हते, म्हणून मामाने आम्हाला रोह्याला बोलावून तिथल्या एका डॉक्टरांकडे नेलं. मामा रोह्याच्या कंपनीत आहे, शिफ्ट बदलून घेऊन आला होता. डॉक्टरांनी मला उलटंसुलटं करून बघितलं आणि आजाराचं नाव सांगितलं. आई सांगते, तिला नाव ऐकूच आलं नाही, ती नुसती वरच्या पंख्याकडे बघत होती. बाबांनी ते नाव हातावर पेनाने लिहून घेतलं.

परत येताना वाटेत गडब गावाला गाडी थांबवली. इथून पुढे आमच्या घरात दोन इतिहास आहेत. आई म्हणते, तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, नुसती रडत होती. बाबा म्हणतात, रडत होती हे खरं, पण रडत रडत दोन वडापाव खाल्ले आणि वर मिरची मागितली. हे भांडण सतरा वर्षं चालू आहे. मी बाबांच्या बाजूने आहे, कारण रडताना आईला भूक लागते हे मी स्वतः बघितलं आहे.

आजार समजून घ्यायला त्यांना बरीच वर्षं लागली. मी तुम्हाला चार वाक्यांत सांगते. मेंदूला अगदी सुरुवातीला कुठेतरी इजा झालेली असते, म्हणून मेंदूचा निरोप हातापायांना नीट पोहोचत नाही, स्नायू उशिरा ऐकतात नाहीतर नको तेवढं ऐकतात. ती इजा वाढत नाही, तिची कुणाला लागण होत नाही आणि गोळीने जातही नाही. काही मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो, काहींच्या होत नाही. माझी बुद्धी ठीक आहे, फक्त जीभ जड आहे, त्यामुळे दोन शब्दांचं वाक्य बोलायला मला बराच वेळ लागतो.

आणि त्या वेळात लोक माझं वाक्य स्वतःच पूर्ण करून मोकळे होतात. मला चहा म्हणायचं असतं, त्यांनी चप्पल आणून दिलेली असते.

भांडायला माणूस सापडला नाही

बाबांना त्या काळात कुणीतरी सांगितलं, डिलिव्हरीच्या वेळी डॉक्टरांनी चूक केली असणार, केस ठोका. बाबा आधीच चिडलेले होते. ते पेणच्या कोर्टात गेले. तिथे मोफत कायदेशीर मदतीचं ऑफिस आहे. बायकांना, मुलांना आणि दिव्यांगांना तिथे वकील फुकट मिळतो, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

वकीलबाई बाबांपेक्षा वयाने लहान होत्या, पण शांत. त्यांनी सांगितलं, आधी डिलिव्हरीचे सगळे कागद हॉस्पिटलकडून लेखी अर्ज करून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. ग्राहक आयोगात जायचं तर साधारण दोन वर्षांची मुदत असते, म्हणून उशीर नको. आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत लागेल, की चूक झाली आणि त्या चुकीमुळेच हे झालं. नुसतं वाईट झालं एवढं पुरत नाही.

बाबांनी कागद आणले आणि दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवले. दोघांनीही सांगितलं की सातव्या महिन्यातल्या बाळाच्या बाबतीत असं होऊ शकतं, यात कुणाची चूक दिसत नाही. बाबांना वाईट वाटलं. चूक निघाली असती तर रागाला एक पत्ता मिळाला असता, असं ते अजून म्हणतात. ज्यांच्या कागदांत चूक दिसते त्यांनी जरूर लढावं. आमच्यात नव्हती. पण तो कागदांचा गठ्ठा पुढे दिव्यांग प्रमाणपत्रापासून ऑपरेशनपर्यंत प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडला, म्हणून कागद मात्र सगळ्यांनी जपावेत.

सिंहासन

नीताताईंकडे आई मला आठवड्यातून दोनदा नेई. पेणहून गाडीत बसायचं, रोह्याला उतरायचं, मामीच्या घरी जेवायचं आणि संध्याकाळी परत. मी पाच वर्षांची असताना ताईंनी सांगितलं, हिला पाठीला आधार देणारी खुर्ची लागेल, तिच्या मापाची.

आजोबांनी ते ऐकलं आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. साचे काढण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. त्यांनी शाडूचा मोठा ओला ढीग केला, मला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून त्यात बसवलं, मी जशी बसते तशीच, आणि अलगद उचलून घेतलं. त्या खळग्याचा साचा काढला, त्यावर काथ्या घालून प्लास्टर ओतलं, घासलं, आणि रंगही दिला. हातांना सिंहाची तोंडं, पाठीला सोनेरी महिरप. मी बसले तर अशी फिट्ट की हलायला जागा नाही. अख्खी आळी बघायला आली. मला पूजेला बसवल्यासारखं वाटत होतं आणि ते मला फार आवडलं होतं.

ते सिंहासन टेम्पोत घालून आजोबांनी स्वतः रोह्याला नेलं. नीताताईंनी बघितलं, हसल्या, मग आजोबांना खुर्ची दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा, काम फार सुंदर आहे. पण ही बसते डावीकडे कलून. तुम्ही त्या कलण्याचाच साचा काढलात. यात बसली तर ती कायमची तशीच राहील."

आजोबांनी सिंहासन परत टेम्पोत चढवलं. घरी आल्यावर हातोडी घेतली आणि सिंहासन फोडलं. मी भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी आई आणि बाबांनी दोन्ही बाजूंनी धरून मला सरळ बसवलं, ताईंनी काढून दिलेलं चित्र समोर ठेवलं आणि आजोबांनी दुसरा साचा काढला. या वेळी सिंह नव्हते. ती खुर्ची टोचायची, पण माझी पाठ सरळ झाली ती तिच्यामुळे.

जिना आणि खालची खोली

शाळेत घालायच्या वेळी हेडमास्तर म्हणाले, "वर्ग वरच्या मजल्यावर आहे. जिना आहे. कसं जमणार?" ते वाईट नव्हते, फक्त त्यांना सवय नव्हती. बाबा म्हणाले, "सर, वर मजला हाय म्हणजे खाली पण खोली असंलच ना?" मग त्यांनी वकीलबाईंनी दिलेला कागद काढला. दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात लिहिलं आहे की माझ्यासारख्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. सरांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. पहिलीचा वर्ग खाली आला. मग दुसरीचा आला. मी वर सरकत गेले तसतसे वर्ग खाली येत गेले. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळाला. लेखनिक मुलगी माझ्यापेक्षा घाबरलेली होती, तिलाच मी पेपरच्या आधी पेपरमिंट दिली.

शाळेतून आले की माझी जागा कारखान्यात, मूर्तींच्या रांगेसमोर जमिनीवर. आमच्याकडे डोळ्यांची आखणी बाबा करतात. ते सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत नाजूक काम. उभ्या माणसाला मूर्ती वरून दिसते. मी खाली, त्यामुळे मला ती भक्ताला दिसते तशी दिसते. आठ वर्षांची असताना मी एका मूर्तीकडे बघून म्हटलं, "हा माझ्याकडे बघत नाय." बाबा वैतागले. मग माझ्याशेजारी मांडी घालून बसले, बराच वेळ बघितलं आणि कुंचला घेऊन आले. उजवं बुबुळ बारीकसं भिंतीकडे वळलेलं होतं.

तेव्हापासून रंग वाळला की मूर्ती माझ्यासमोर आणतात. मी "जा" म्हटलं तर गाडीत, "थांब" म्हटलं तर परत बाबांकडे. एकेक शब्दच आहे, त्यामुळे या खात्यात माझी वाक्यं कुणी पूर्ण करत नाही.

मामाची घाई

मोठी होत गेले तसे गुडघे वाकत गेले आणि आईची कंबर गेली. बाथरूमला न्यायचं तर ती मला उचलते, बसवते, परत उचलते. आई कधी कुरकुरली नाही, पण मला अठरा वर्षांची घोडी झाल्यावर लाज वाटत होती. मला दार बंद करून आत एकटं बसायचं होतं. बास, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन, मग प्लास्टर, मग महिनोन्महिने व्यायाम, तर हे जमू शकेल. हमी कुणी दिली नाही.

"भूल देतात, जागी नाय झाली तर?" आई म्हणाली. त्यापुढे तिने विषयच काढू दिला नाही.

त्याच सुमाराला मामा सांगत आला की कंपनीतल्या एकाने त्याला सावध केलं आहे. अठरा पूर्ण झाली की आईबापाची सही चालत नाही. अशा मुलांसाठी कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो, नाहीतर बँक, हॉस्पिटल, सगळीकडे अडतं. मामा कळकळीचा माणूस, पण घाईचा. त्याने फॉर्मही आणला होता. राष्ट्रीय न्यास नावाचा कायदा आहे, त्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव आहे, हे त्याने वाचलं होतं. तो कायदा प्रत्येकाला लागलाच पाहिजे असं नाही, हे वाचायचं राहिलं. आई-बाबांनी सह्या केल्या. पालक म्हणून नाव आईचं.

मला कुणी विचारलं नाही. सगळे माझ्यासमोरच बोलत होते, मी तिथेच होते. मी म्हणायला सुरुवात केली, "मला प...", आणि मामा म्हणाला, "पाणी दे गो तिला."

मला इतका राग आला की ते पाणी मी खरंच प्यायले.

अलिबागला

या अर्जांचा निर्णय जिल्ह्याची समिती घेते. अलिबागला बोलावणं आलं. आई, बाबा, मामा आणि मी. आजोबांना नेणार नव्हते, पण त्यांनी सकाळीच इस्त्रीचा सदरा घातला आणि गाडीत जाऊन बसले.

समितीत एक अधिकारी मॅडम होत्या, एका संस्थेच्या बाई होत्या आणि एक गृहस्थ, ज्यांच्या खुर्चीला कुबड्या टेकवलेल्या होत्या. मी त्या कुबड्या बघितल्या आणि मला जरा बरं वाटलं. मॅडमनी आईला विचारलं, पालक कशासाठी हवा?

आई म्हणाली, "तिला नीट बोलता येत नाय मॅडम. तिचं कोण ऐकणार? आमच्यानंतर तिला कुणीही फसवंल."

हे ती खरं बोलत होती. माझा राग तिथे थोडा वितळला.

मग कुबडीवाल्या काकांनी आजोबांना सहज विचारलं, "घरात ही काही ठरवते का? तिचं तिला कळतं का?"

आजोबांना गाडीत मामाने पढवलं होतं, काय सांगायचं ते. तिला काही जमत नाही, सगळं आम्हीच करतो. पण कारखान्याचा विषय निघाला की आजोबांना राहवत नाही. ते उठून उभेच राहिले. "कळतं का? साहेब, हिने नाय बोललं तर आमची एक मूर्ती गाडीत चढत नाय! माझा मुलगा पंचवीस वर्षं आखणी करतो, त्याची चूक ही बसल्या जागी पकडते. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालंल, पण हर्षदाने थांब म्हटलं म्हणजे थांब!"

मामाने कपाळाला हात लावला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि बाबांना विचारलं, हे खरं आहे का? बाबांना खोटं बोलता येत नाही, निदान आखणीच्या बाबतीत नाही. "व्हय मॅडम," ते म्हणाले, "गेल्या साली तिने बारा मूर्ती परत केल्या. बाराही बरोबर होत्या. म्हणजे, चुकल्याच होत्या."

काका हसले आणि माझ्याकडे वळले. आईकडे नाही, माझ्याकडे. "हर्षदा, तुला काय हवंय?"

मी सुरुवात केली. तोंड वाकडं झालं, मान उडाली, हात उगाच वर गेला. घाबरलं की असंच होतं. आई म्हणाली, "तिला असं म्हणायचं हाय की..."

"थांबा ताई," काका म्हणाले. "वेळ आहे आपल्याला."

आणि ते थांबले. सगळी खोली थांबली. मॅडमचा फोन वाजला तो त्यांनी बंद केला. मला वाटतं, माझ्या आयुष्यात एवढी माणसं एका वेळी माझ्या वाक्यासाठी कधी थांबली नव्हती. मी म्हटलं, "मला पालक नको. मला ऑपरेशन पाहिजे." मग दम घेतला आणि म्हटलं, "आई पण पाहिजे. पण आई म्हणून."

मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. समितीने आधी हेच बघायचं असतं की पालकाची गरज आहे का, आणि असली तर कोणत्या कामासाठी. आजाराचं नाव यादीत आहे म्हणून माणसाचा निर्णय काढून घ्यायचा नसतो. ज्या मुलांना खरोखर समजत नाही त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे, त्यांच्या आईबापांनी जरूर अर्ज करावा. हिला गरज दिसत नाही. पुढे एखाद्या ठरावीक कामात मदत लागलीच, तर तेवढ्यापुरता, हिच्याशी बोलून निर्णय घेणारा माणूसही नेमता येतो. अर्ज त्यांनी मंजूर केला नाही.

परतताना गाडीत मामा आजोबांना म्हणाला, "अण्णा, तुम्हाला काय सांगितलं होतं?" आजोबा म्हणाले, "तू सांगितलंस ते माझ्या ध्यानात होतं रे. पण ते बाराचं तुझ्या दाजींनीच सांगितलं." मी इतकी हसले की बाबांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

दोन दिवस

आई हसली नाही. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. उचलत होती, भरवत होती, वेणी घालत होती, तेवढंच. तिला वाटलं, मी तिला सगळ्यांसमोर नको म्हटलं. मलाही रडू येत होतं. जिंकल्यावर इतकं वाईट वाटेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वेणी घालताना ती एकदम म्हणाली, "तू पेटीत होतीस तेव्हा मला आत सोडत नव्हते. काचेतून बघायचं फक्त. तुझ्या नाकात नळी, अंगावर वायरी. मी बाहेर बाकड्यावर. परत तसं बाकड्यावर बसायची ताकद माझ्यात नाय गो."

हे तिने मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. सतरा वर्षं वडापाववरून भांडलो आम्ही, आणि हे बाकडं तिने एकटीने सांभाळलं होतं. मी वळायचा प्रयत्न केला, वेणी ओढली गेली, दोघी कळवळलो. मी म्हटलं, "तेव्हा मला बोलता येत नव्हतं. आता मी आत जाताना तुझ्याशी बोलत जाईन."

"तुझं वाक्य पुरं होईस्तोवर डॉक्टर ऑपरेशन करून मोकळे होतील," आई म्हणाली. मग आम्ही दोघी हसलो, आणि मग ती बरीच रडली, आणि मग तिला भूक लागली.

वॉर्डातली सकाळ

हॉस्पिटल पनवेलच्या पुढे होतं. वॉर्डात दिवस पाचला सुरू होतो. आधी ताप, मग रक्त, मग चहा, आणि चहा पोटात जायच्या आत कुणीतरी येऊन विचारणार, "चहा घेतला नाही ना?" वॉर्डातल्या मावशी माझ्या डोक्यावरून आईला विचारायच्या, "हिला पोहे चालतील का?" पहिल्या दिवशी आईनेच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तिला विचारा, ती सांगंल." मावशी थांबल्या. मी म्हटलं, "लिंबू जास्त." त्या खूश झाल्या आणि लिंबाच्या दोन फोडी ठेवून गेल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजी मला दिवसभर त्यांच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत, कारण मी मध्ये बोलत नव्हते. इतकी चांगली ऐकणारी मुलगी त्यांनी बघितली नव्हती म्हणे.

भीती वाटत होती का? वाटत होती. मनात आलं, आईचंच बरोबर निघालं तर? पण ती भीती माझी होती, मीच ओढवून घेतलेली, आणि खरं सांगते, त्यात थोडी मजाही होती.

ऑपरेशनच्या सकाळी एक तरुण डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आले. घाईत होते. कागद लावलेली पाटी सरळ आईच्या हातात दिली. "पेशंटची आई ना? इथे सही करा."

आईने कागद वाचला. तिला सगळं कळलं नसणार, पण ओठ हलवत सगळा वाचला. मग पाटी माझ्या मांडीवर ठेवली, वर सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "तिला अठरा पुरी हायत. तिला समजावून सांगा, ती करंल सही."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, मग स्टूल ओढून बसले आणि मला सगळं समजावून सांगितलं, काय कापणार, काय होऊ शकतं, काय होणार नाही. मी दोन प्रश्न विचारले. त्यांनी दोन्ही पूर्ण ऐकले. मग मी पेन घेतलं. हर्षदा लिहायला मला एरवी दोन मिनिटं लागतात, त्या दिवशी जास्त लागली. शेवटचा काना कागदावरून असा काही सुटला की खालच्या रकान्यात जाऊन पडला.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. आता पालक म्हणून तुम्ही..."

"पालक नाय," आई म्हणाली. "साक्षीदाराची जागा कुठं हाय ती दाखवा."

त्यांनी बोट ठेवलं. ती जागा माझ्या सहीच्या बरोबर खाली होती, आणि माझा काना तिच्यात अर्ध्यापर्यंत घुसलेला होता. आईने तो खोडला नाही. उरलेल्या अर्ध्या जागेत, अगदी बारीक अक्षरात, तिने आपलं नाव लिहिलं.